दुकानाची लिनक्स यंत्रे आणि त्यांच्या 'सेवा' : व्यवस्था लेखी असावी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक-प्रणालीचा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्या आहेत त्या पुऱ्या न करणारी यंत्रे कापड, किराणा, हार्डवेअर, औषधे अशा सर्व तऱ्हेच्या दुकानांत आजही गल्ल्याजवळ बसलेली आहेत. यंत्र धडधाकट आहे, प्रणाली मात्र मुदतीबाहेर गेली. तेव्हा दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट या भागातील व्यापारी बंधू आम्हास विचारू लागले की, तुमच्याकडे लिनक्स बसविले आहे, ते कसे चालते, कोण सांभाळतो आणि बिघडल्यास तुम्ही काय करता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे उभ्या-उभ्या देता येतात. तिसऱ्याचे उत्तर द्यावयाचे तर हा लेख लिहावा लागतो.

प्रथम एक गोष्ट साफ सांगून टाकतो. टॅली ही आज्ञावली विंडोजसाठी बनलेली आहे. ज्यांचा सारा हिशेब टॅलीत आहे त्यांनी केवळ हा लेख वाचून यंत्रावरची प्रणाली बदलू नये. आमच्याकडे जी आज्ञावली चालते तिचे नाव ई.आर.पी.नेक्स्ट. ही मुंबईची चीज होय. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाचा कारभार संगणकावर आणताना तिची सुरुवात केली, २००८ साली कंपनी उभी राहिली आणि आज ती फ्रॅपे या नावाने ओळखली जाते. आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत. व्यापारी घराच्या गरजेतून निघाल्यामुळे माल, उधारी, परत आलेला माल, कर या गोष्टी तिला परक्या नाहीत. दुकानात एकच लिनक्स यंत्र आत ठेवावयाचे आणि काउंटरवरील यंत्रांनी ब्राउझरमधून त्याच्याशी बोलावयाचे, अशी तिची रचना आहे. काउंटरवरचे यंत्र जुने असले तरी चालते.

आम्हा भावांची तीन गावांत तीन दुकाने आहेत. तिन्हींचे हिशेब वेगळे, जी.एस.टी. क्रमांक वेगळे, म्हणून आतले यंत्रही प्रत्येकाचे वेगळे. तीन यंत्रे म्हणजे काही मोठी फौज नव्हे. परंतु या लेखाचा विषय समजण्यास तीन पुरेत. किंबहुना आम्ही तर म्हणू की दोन असली तरी हा विषय लागू होतो.

पडद्यामागचे नोकर

लिनक्समध्ये 'सेवा' म्हणजे अशी आज्ञावली की जी पडद्यावर दिसत नाही, पण यंत्र चालू असेपर्यंत मागे आपले काम करीत राहते. कापडाच्या दुकानात गादीवर बसून ताग्यावर तागे उलगडणारा सेल्समन गिऱ्हाइकास दिसतो. गोदामातून माल काढून देणारा, पार्सल बांधणारा, रात्रीचा चौकीदार हे दिसत नाहीत. यांच्यापैकी एक जण आला नाही तर मात्र गिऱ्हाइकास लगेच समजते.

ई.आर.पी.नेक्स्टच्या मागे अशा बऱ्याच सेवा आहेत. मारिया-डीबी ही खतावणी सांभाळते. बिले, माल, नावे सर्व तिच्या पोटात. रेडिस ही तात्पुरती याददाश्त आणि कामांची रांग ठेवते. इंजिन-एक्स हा दारावरचा माणूस, ब्राउझरकडून आलेली मागणी आत पोहोचवितो. त्याशिवाय आज्ञावलीचे स्वतःचे कामगार आहेत, ते सुपरव्हायझर नावाच्या मुकादमाच्या हाताखाली चालतात. मारिया-डीबी बसली तर बिल निघत नाही. रेडिस बसली तर बिल कदाचित निघेल, कदाचित अडेल, आणि ई-मेल, अहवाल यांसारखी मागची कामे मात्र हमखास थांबतील. दुसरा प्रकार अधिक त्रासाचा, कारण दुकान चालू दिसते.

या सर्वांना उठविणारा, झोपविणारा, पडल्यास पुन्हा उभा करणारा जो मुख्य दिवाणजी आहे त्याचे नाव सिस्टिम-डी. लिनक्स १९९१ सालचे. पहिली वीस वर्षे हे काम क्रमांक घातलेल्या छोट्या-छोट्या आज्ञापत्रांनी होत असे. २०१० साली लेनार्ट पोएटरिंग व के सीव्हर्स यांनी सिस्टिम-डी आणले. त्यावर पुष्कळ भांडणे झाली. परंतु २०१४ मध्ये रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत आणि २०१५ मध्ये डेबियनच्या आठव्या व उबुंटूच्या १५.०४ आवृत्तीत ते आल्यावर वाद निकालात निघाल्यासारखा झाला. आज बाजारातील बहुतेक लिनक्स यंत्रांवर दिवाणजी तोच आहे.

'चालू आहे' आणि 'चालू होईल'

आमचा भाचा अमरावतीस संगणक शिकला. तो पहिल्या दिवशी आम्हास म्हणाला, "मामू, इथे दोन सवाल वेगळे आहेत. सेवा आत्ता चालू आहे का, हा एक. आणि यंत्र बंद होऊन पुन्हा लागले तर ती आपोआप चालू होईल का, हा दुसरा." हा धडा सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्यावर थोडे थांबतो.

सिस्टिम-डीला आज्ञा देण्याचे साधन 'सिस्टिम-सीटीएल' होय. (या सर्व आज्ञा यंत्रावर इंग्रजी लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात, येथे उच्चार दिला आहे.) 'स्टार्ट' म्हटले की सेवा आत्ता उठते. 'एनेबल' म्हटले की यंत्र सुरू होताना उठावयाच्या सेवांच्या यादीत तिचे नाव चढते. स्टार्ट म्हणजे माणसास निरोप पाठवून आज बोलावून आणले. एनेबल म्हणजे त्याचे नाव हजेरीपटावर लिहिले. निरोपाने आलेला माणूस आज काम करील. उद्या सकाळी तो येईलच असे नाही, कारण पटावर त्याचे नाव नाही. उलट पटावर नाव लिहिले म्हणून तो या क्षणी दुकानात हजर होत नाही. दोन्ही आज्ञा द्याव्या लागतात, किंवा 'एनेबल'च्या पुढे दोन आडव्या रेघा देऊन 'नाऊ' लिहावे, म्हणजे दोन्ही कामे एका दमात होतात.

वऱ्हाडात याला फार अर्थ आहे. उन्हाळ्यात, वादळी पावसात वीज जाणे आपल्याकडे नवे नाही. पुण्या-मुंबईच्या संगणक-घरात यंत्र वर्षभर बंद होत नाही, त्यामुळे नाव पटावर नसल्याचे तेथे वर्षभर कोणास कळत नाही. आपल्याकडे ते आठवड्यात उघडे पडते, आणि नेमके लग्नसराईच्या गर्दीत पडते. यू.पी.एस. अर्ध्या तासात दम टाकतो, वीज आल्यावर यंत्र लागते, पडद्यावर सर्व ठीक दिसते आणि बिल निघत नाही. कारण मागील महिन्यात कोणीतरी सेवा 'स्टार्ट' करून निघून गेलेला असतो.

यात आणखी एक गंमत आहे, ती माहीत नसेल तर माणूस चक्रावतो. डेबियन व उबुंटूवर मारिया-डीबीसारखी सेवा बसविली की ती त्याच क्षणी चालूही होते आणि पटावरही चढते. रेड हॅट घराण्यात, म्हणजे फेडोरा, अल्मा, रॉकी यांवर, तसे होत नाही. बसविल्यानंतर दोन्ही गोष्टी आपण सांगावयाच्या. एका दुकानात उबुंटू व दुसऱ्यात अल्मा असेल आणि एकाच मुलाने दोन्हीकडे एकाच पद्धतीने बसविले असेल, तर दोन यंत्रांचा स्वभाव वेगळा निघतो. दोष यंत्राचा नाही आणि मुलाचाही पूर्ण नाही.

सेवेचे आज्ञापत्र

प्रत्येक सेवेचे एक छोटे आज्ञापत्र असते, त्यास युनिट म्हणतात. त्यात तीन भाग असतात. पहिल्यात सेवा कोणाच्या नंतर यावी व तिला कोण लागतो, दुसऱ्यात ती कशी चालवावयाची, तिसऱ्यात पटावर कोठे नाव लावावयाचे.

'आफ्टर' आणि 'रिक्वायर्स' हे दोन शब्द पुष्कळांना एकच वाटतात. तसे नाही. 'आफ्टर' हा फक्त क्रम सांगतो : दोघेही येणार असतील तर हा त्याच्या मागून यावा. तो आला नाही तरी हा येतोच. 'रिक्वायर्स' हा फक्त गरज सांगतो : हा येणार असेल तर त्यालाही बोलवा. परंतु क्रम सांगत नाही, दोघांना एकदमच उठविले जाते. मुनीमाला किल्ली लागते आणि किल्लीवाला आधी यावा असे पाहिजे असेल तर दोन्ही ओळी लिहाव्या लागतात.

दुसरी ओळ 'रीस्टार्ट'. 'ऑन-फेल्युअर' लिहिले की सेवा अपयशाने पडल्यास दिवाणजी तिला पुन्हा उभी करतो. येथे एक बारीक अट आहे. वेगळे काही सांगितले नसल्यास पुन्हा उठविण्याआधी तो एका सेकंदाचा दहावा भागच थांबतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा उठवून झाले की तो हात टेकतो व सेवा तशीच पडून राहते. वीज येताना डिस्क किंवा जाळे तयार व्हायला थोडा वेळ लागला तर एका सेकंदाच्या आत पाची संधी संपतात. म्हणून 'रीस्टार्ट-सेक' या ओळीत ५ किंवा १० सेकंद लिहावेत. मग मर्यादा गाठलीच जात नाही व सेवा कधी ना कधी उभी राहते. एका ओळीचे काम आहे.

मूळ आज्ञापत्राला मात्र हात लावू नये. ते प्रणालीच्या मालकीचे असते, पुढील अद्ययावतीकरणात त्यावर नवे आज्ञापत्र येऊन बसू शकते व आपली ओळ गेली. 'सिस्टिम-सीटीएल एडिट' ही आज्ञा आपली ओळ वेगळ्या पुरवणीत ठेवते. पुरवणी 'ईटीसी' या कप्प्यात राहते आणि तिचे म्हणणे मूळ पत्रापेक्षा वरचढ ठरते. पत्र हाताने बदलले असल्यास 'डेमन-रीलोड' म्हणावे, अन्यथा दिवाणजी जुनेच पत्र डोक्यात ठेवून वागतो.

ई.आर.पी.नेक्स्ट वापरणाऱ्यांनी एक विशेष गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे दोन थर आहेत. सिस्टिम-डी हा सुपरव्हायझरला उठवितो आणि सुपरव्हायझर हा आज्ञावलीच्या कामगारांना उठवितो. सिस्टिम-सीटीएलला विचारले तर तो म्हणेल, सुपरव्हायझर चालू आहे. ते खरेच असते. पण त्याच्या हाताखालचा एक कामगार दोन दिवसांपासून पडलेला असू शकतो, आणि दिवाणजीला त्याची खबर नसते. त्यासाठी 'सुपरव्हायझर-सीटीएल स्टेटस' वेगळे विचारावे लागते. मुकादमाची हजेरी म्हणजे मजुरांची हजेरी नव्हे, हे गिरणीत काम केलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही.

हाताने केलेले सारखे राहत नाही

वरील सर्व गोष्टी एका यंत्रावर हाताने करता येतात. तीनवर करावयाच्या तर माणूस एकावर करतो, दुसऱ्यावर करतो, तिसऱ्यावर जाताना गिऱ्हाईक येते. सहा महिन्यांनी तिन्ही यंत्रे एकाच नावाची आणि तीन तऱ्हांची होतात. अशा फरकाला या धंद्यात 'ड्रिफ्ट' म्हणतात. आम्ही त्यास सरक म्हणतो.

सरक किती महाग पडते याचा दाखला अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-दलाली कंपनीने दिला. २०१२ च्या जुलैअखेरीस त्यांनी आपल्या आठ सर्व्हर यंत्रांवर नवी आज्ञावली चढविली. सातांवर चढली, आठव्यावर चढविण्याचे राहून गेले. तेथे वापरातून गेलेला जुना मजकूर तसाच होता आणि नव्या पद्धतीतील एका खुणेने तोच जागा झाला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडल्यावर त्या एका यंत्राने सौद्यांचा पाऊस पाडला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरांवर नुकसान झाले. कंपनी वर्षभरात दुसऱ्याच्या हाती गेली. तपास करणाऱ्या सरकारी मंडळाने आपल्या आदेशात नोंदविले की, नवी आज्ञावली सर्व यंत्रांवर चढली की नाही हे दुसऱ्या माणसाने तपासण्याची लेखी पद्धतच तेथे नव्हती.

आपले नुकसान कोट्यवधी डॉलरांचे होणार नाही. परंतु अकोटच्या दुकानात शनिवारच्या गर्दीत दोन तास बिल न निघणे हे त्या दुकानाच्या मानाने काही लहान नाही.

क्रिया सांगावी की स्थिती?

यावर उपाय म्हणून जी साधने निघाली त्यांना कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची साधने म्हणतात. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सी.एफ.इंजिन बनविले. २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट आणि २०१२ मध्ये मायकेल डीहान यांचे ॲन्सिबल आले. ॲन्सिबल २०१५ साली रेड हॅटने विकत घेतले. नावे पुष्कळ आहेत, मूळ कल्पना एक आहे आणि ती कापडवाल्यास चटकन समजते.

नोकरास सांगितले, "या ताग्यातून अडीच मीटर काप." त्याने कापले. निरोप पोहोचला की नाही अशी शंका येऊन पुन्हा तेच सांगितले, तर तो आणखी अडीच मीटर कापील. तिसऱ्यांदा सांगाल तर आणखी. ही क्रिया सांगण्याची पद्धत. आता असे सांगितले : "गिऱ्हाइकाच्या पिशवीत अडीच मीटरचा एक तुकडा असला पाहिजे." नोकर पिशवी पाहतो. तुकडा असल्यास काही करीत नाही, नसल्यास कापतो. हे दहा वेळा सांगा, कापड एकदाच कापले जाते. ही स्थिती सांगण्याची पद्धत होय. वरील सर्व साधने दुसऱ्या पद्धतीने चालतात, आणि कितीही वेळा चालविले तरी परिणाम एकच राहणे ही त्यांची परीक्षा आहे.

ॲन्सिबलमध्ये हे कसे लिहितात ते पाहा. एका कागदावर यंत्रांची नावे लिहितात, तिला इन्व्हेंटरी म्हणतात. आमच्या इन्व्हेंटरीत तीन ओळी आहेत. दुसऱ्या कागदावर पाहिजे ती स्थिती लिहितात, तिला प्लेबुक म्हणतात. मारिया-डीबीसाठी मतलबाच्या ओळी एवढ्याच :

नेम : मारिया-डीबी
स्टेट : स्टार्टेड
एनेबल्ड : ट्रू

म्हणजे सेवा आत्ता चालू असावी आणि पटावरही असावी. वर ज्या दोन सवालांवर आम्ही एवढा वेळ घेतला ते दोन्ही येथे शेजारी-शेजारी लेखी उभे आहेत. कोणी विसरला तर कागद विसरत नाही. उबुंटू असो की अल्मा, शेवटी स्थिती एकच येते. (सेवेचे नाव मात्र काही वेळा दोन्हीकडे वेगळे असते, ते पाहून घ्यावे.)

एका यंत्रावर ॲन्सिबल बसविले की पुरते. बाकीच्यांवर फक्त पायथन आणि एस.एस.एच.चे दार असावे लागते. दर्यापूरच्या यंत्रावर बसून तिन्ही दुकानांची तपासणी एका आज्ञेत होते. शेवटी ते प्रत्येक यंत्रापुढे किती गोष्टी ठीक होत्या, किती बदलल्या व किती फसल्या याचे आकडे छापते. 'बदलल्या'खाली शून्य आले म्हणजे यंत्र कागदाप्रमाणे आहे. आकडा आला तर कोणीतरी मध्ये हात लावला आहे, असे समजावे व चौकशी करावी.

कागद यॅमल या पद्धतीत लिहितात. तिच्यात डावीकडे सोडलेली जागा हीच व्याकरण आहे. ओळ दोन घरे आत गेली तर ती वरच्या ओळीच्या पोटातली. टॅबची कळ चालत नाही, स्पेसच द्यावी लागते. आम्ही उर्दू शाळेत तख्तीवर उजवीकडून ओळ धरण्यास शिकलो, त्यामुळे डाव्या समासाची ही तरतीब डोळ्यांत बसायला आम्हास दोन-तीन आठवडे लागले. आता बसली आहे.

एक सापळा

सेवेच्या कागदात बदल झाला तर सेवा पुन्हा सुरू करावी लागते. नवशिके येथे 'स्टेट : रीस्टार्टेड' लिहून मोकळे होतात. ही स्थिती नसून क्रिया आहे. प्लेबुक चालविले की बदल असो-नसो सेवा दरवेळी पडून उठते आणि काउंटरवरचे बिल अर्ध्यात तुटते. त्याऐवजी 'हँडलर' लिहावा. बदल खरोखर झाला असेल तरच हँडलरला निरोप जातो आणि तो सर्व कामांच्या शेवटी, एकदाच, सेवा पुन्हा सुरू करतो.

परंतु समजा, पहिल्या कामात इंजिन-एक्सचा कागद बदलला, हँडलरला निरोप गेला आणि तिसरे काम फसले. प्लेबुक तेथेच थांबते, हँडलर चालतच नाही. तुम्ही तिसरे काम दुरुस्त करून पुन्हा चालविता. आता पहिल्या कामात कागद आधीच बदललेला आहे, म्हणून 'बदल नाही' असे म्हटले जाते आणि निरोप जात नाही. कागद नवा, चालू असलेली सेवा जुनी, आणि अहवालात सर्व ठीक! पुढे कधी वीज जाऊन आली की सेवा नवा कागद वाचते, आणि त्यात चूक असेल तर ती उठत नाही. तेव्हा लोक विजेला शिव्या देतात. यासाठी 'फोर्स-हँडलर्स'ची सोय आहे, ती लावावी, म्हणजे मध्ये काही फसले तरी निरोप मिळालेले हँडलर चालतात. आणि इंजिन-एक्सच्या बाबतीत सेवा हलविण्याआधी 'इंजिन-एक्स हायफन टी' ही तपासणी ठेवावी. कागदात चूक असल्यास ती आधीच सांगते.

सर्व दुकानांत एकदम नको

साधनाने एका आज्ञेत तीनशे यंत्रे सुधारतात, तशी एका आज्ञेत तीनशे बिघडतातही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज यंत्रांना एक सदोष फाइल पाठविली. सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बसली. जगभर विमाने, बँका, दवाखाने अडले; आपल्या देशातही इंडिगोसह अनेक विमान कंपन्यांची उड्डाणे रखडली आणि काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ती यंत्रे लिनक्सची नव्हती आणि साधन ॲन्सिबल नव्हते. परंतु न पारखलेला माल सर्व दुकानांत एकाच सकाळी वाटावयाचा नसतो, हे येथेही तितकेच लागू आहे.

ॲन्सिबलमध्ये 'सीरियल : १' लिहिले की ते एक यंत्र पुरे करून मगच दुसऱ्याकडे जाते आणि पहिल्यावर फसले तर तेथेच थांबते. 'चेक' व 'डिफ' या दोन सूचना दिल्या तर ते काही न बदलता, काय बदलले असते एवढेच दाखविते. सुताचा नमुना पाहिल्याशिवाय आम्ही सुरत किंवा मालेगावची गाठ बांधत नाही. येथेही नमुना पाहण्याची सोय फुकट आहे, ती न वापरण्याचे कारण आम्हास दिसत नाही. आमच्याकडे पहिले यंत्र दर्यापूरचे, दुकान वाढविल्यानंतरची वेळ, आणि बाकीची दोन दुसऱ्या दिवशी.

आपण पाठवावे की त्याने मागावे?

ॲन्सिबल आपल्या बाजूने जाऊन सांगते. पपेटचा नोकर प्रत्येक यंत्रावर बसतो आणि साधारण दर ३० मिनिटांनी स्वतः येऊन विचारतो, माझ्यासाठी काय हुकूम आहे? आपण पाठविण्याच्या वेळी अकोटचे यंत्र बंद असेल तर ॲन्सिबल 'पोहोचलो नाही' असे सांगून गप्प बसते. पुन्हा चालविणे आपल्यावर. पपेटमध्ये यंत्र लागले की स्वतः विचारून घेते. त्यामुळे जेथे वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा कमी आणि यंत्रे पन्नास-शंभर, उदाहरणार्थ एखाद्या शिक्षणसंस्थेत, तेथे मागण्याची पद्धत बरी. तीन-चार दुकानांस आमच्या मते ॲन्सिबल पुरेसे. पपेटसाठी एक वेगळे मुख्य यंत्र सांभाळावे लागते, तो बोजा दुकानदारास परवडत नाही.

विजेच्या या भानगडीत बॅकअपचाही विचार करावा. रात्री ११ वाजता खतावणीची नक्कल घेण्याचे काम जुन्या क्रॉन या पद्धतीने लावले आणि ११ वाजता यंत्र बंद असले तर ती रात्र गेली, क्रॉन मागे वळून पाहत नाही. सिस्टिम-डीचा 'टाइमर' वापरून त्यात 'पर्सिस्टंट : ट्रू' अशा अर्थाची ओळ घातली, तर हुकलेले काम यंत्र पुन्हा लागताच होते. आमच्या तिन्ही यंत्रांवर हा टाइमर प्लेबुकातूनच बसविला जातो आणि तोही पटावर असल्याची खात्री प्लेबुकच करते. नक्कल त्याच यंत्रावर न ठेवता रोज दुसऱ्या गावच्या यंत्रावर जावी.

खतावणीचा पासवर्ड प्लेबुकात उघडा लिहू नये. ॲन्सिबलची 'व्हॉल्ट' ही पेटी आहे, तिच्यात तो कुलूपबंद राहतो. पेटीची किल्ली दोघांकडे असावी, एकट्याकडे नको.

मुलांसाठी

ई.आर.पी.नेक्स्टवाल्यांनी स्वतः हीच वाट धरलेली आहे. त्यांच्या 'बेंच' या साधनाला कायमची मांडणी करण्याची आज्ञा दिली की ते आतून ॲन्सिबलचेच प्लेबुक चालवून इंजिन-एक्स, सुपरव्हायझर व फेल-टू-बॅन बसविते. हे प्लेबुक उघडे आहे. ते उघडून वाचणे हा या विषयाचा उत्तम अभ्यास होय, आणि त्यासाठी कोणत्याही क्लासची फी लागत नाही.

आमच्या भागातील जी मुले बारावी किंवा पदवीनंतर काउंटरवर बसून आहेत त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो. लिनक्स आणि ॲन्सिबल जाणणाऱ्यांना पुण्या-मुंबईत काम आहे. रेड हॅटचे स्वतःचे मोठे कार्यालय पुण्यात आहे. रेड हॅटची पहिली परीक्षा आर.एच.सी.एस.ए. आणि पुढची आर.एच.सी.ई. २०१९ साली आठवी आवृत्ती आल्यापासून आर.एच.सी.ई. परीक्षा ॲन्सिबलवरच बेतलेली आहे. परीक्षेत पर्यायांवर खूण करावयाची नसते, यंत्र समोर देतात व काम करून दाखवावे लागते. तपासणीआधी यंत्रे पुन्हा सुरू केली जातात. ज्याने 'स्टार्ट' केले आणि 'एनेबल' केले नाही त्याचे गुण जातात. म्हणजे दर्यापूरची वीज जी परीक्षा घेते तीच. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलास इंग्रजी निबंध लिहावयाचा नसतो. दीड-दोनशे शब्द व आज्ञा पक्क्या असाव्या लागतात आणि यंत्राचा मदत-मजकूर वाचता यावा लागतो.

सरावासाठी दुकानातील दोन जुनी यंत्रे, एक स्विच व दोन वायरी एवढे पुरते. एकावर उबुंटू, दुसऱ्यावर अल्मा मुद्दाम वेगवेगळे बसवावे. तिसऱ्या यंत्रावरून, किंवा दोहोंपैकी एकावरून, एकच प्लेबुक दोन्हींवर चालवावे. 'बदलल्या'खाली दुसऱ्या खेपेस शून्य येईपर्यंत ते दुरुस्त करीत राहावे. मग दोन्ही यंत्रे पुन्हा सुरू करून 'सिस्टिम-सीटीएल'ला दोन रेघांसह 'फेल्ड' विचारावे. यादी रिकामी आली, सुपरव्हायझरचे सर्व कामगार हजर दिसले आणि काउंटरवरून एक खोटे बिल निघून ते रद्दही झाले, की मुलाला दुकानाच्या खऱ्या यंत्रावर हात ठेवू द्यावा.